मूल जेवत नाही? आधी पालकांचा धीर वाढवा

आसेगाव (जि. वाशिम) : सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आई-वडील संध्याकाळी थकून घरी येतात आणि चार वर्षांचे मूल भाजी-भाकरीला हात लावत नाही. रडणे वाढले की चिप्सचा पुडा किंवा मोबाइल त्याच्या हाती जातो. भाजी चांगली, हे पालकांना ठाऊक असते. अडते ते 'आमचे ऐकतच नाही' या समजुतीपाशी.

हा विश्वास म्हणजे काय?
'हे मला जमेल' असे वाटणारा माणूस अडचणीतही प्रयत्न सोडत नाही, असा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडला. पालकत्वालाही तो लागू पडतो.

ताटाशी त्याचा संबंध काय?
नवी चव मुलांना लगेच रुचत नाही. तीच भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा थोडी थोडी समोर यावी लागते. धीर असलेले पालक सहाव्या नकारानंतरही मेथीचा घासभर वाटा वाढतात. धीर सुटलेले तिसऱ्यांदाच पुडा आणतात आणि रडले की पुडा मिळतो, हे मूल शिकते. मात्र धीर म्हणजे बळजबरी नव्हे. काय आणि कधी वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाला ठरवू द्यावे.

खेळाचे काय?
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान तीन तास हालचाल व्हावी, त्यात एक तास दमवणारा खेळ असावा. मोबाइल-टीव्ही एका तासापेक्षा जास्त नको.

प्रश्न गंभीर का?
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. दुसरीकडे, अतिवजनाची मुलेही वाढत आहेत.

धीर कसा वाढेल?
• एका वेळी एकच बदल करा. आठवडाभर फक्त रात्रीचे जेवण मोबाइलविना. छोटे यश पुढचे बळ देते.
• अंगणवाडीत इतर मातांना काय जमले, ते विचारा. आपल्यासारखीला जमलेले पाहून हुरूप येतो.
• आजी-आजोबांसह घरात एकच नियम ठेवा.
• एखादा दिवस बिनसला तर स्वतःला दोष देऊ नका.

अर्थात, धीराने रिकामे ताट भरत नाही. मुलाचे वजन घटत असेल किंवा वाढत नसेल, तर अंगणवाडीत वजन करून आरोग्य केंद्रात दाखवावे.