ओलसर भिंत, नवा प्लाय आणि वृद्धांचा श्वास

पावसाळा सरत आला की घराघरांत दुरुस्तीचे वारे वाहू लागतात. दिवाळीच्या आत निदान आजी-आजोबांची खोली तरी नीटनेटकी करावी, असे प्रत्येक मुलासुनेला वाटते आणि ते योग्यच आहे. मात्र ही दुरुस्ती करताना एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही. सुताराला आपण खर्च विचारतो, मुदत विचारतो, सनमायकाचा रंग निवडतो. पण प्लाय कशाने चिकटवणार, हे विचारत नाही. दिवसातील अठरा-वीस तास त्याच खोलीत काढणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने हा प्रश्न रंगापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

आपला जळगाव जामोद तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला. २२ जुलै २०२३ रोजी आपल्या आणि शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात झालेली अतिवृष्टी आणि घरांत शिरलेले पाणी आपण विसरलेलो नाही. पुराचे पाणी दोन दिवसांत ओसरते. भिंतीत मुरलेली ओल मात्र महिनोन्महिने राहते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात या ओलीला क्षारांची जोड मिळते आणि भिंतीला लोणा फुटतो. पोपडे सुटलेली ती भिंत डोळ्यांना खुपते, म्हणून तिच्यावर प्लाय ठोकून घेण्याची पद्धत पडली आहे. भिंत झाकली जाते. तिचा रोग तसाच राहतो.

आधी ओल, मग चिकटद्रव्य

ओल्या भिंतीवर बहुतेक चिकटद्रव्ये नीट टिकत नाहीत. लोणा म्हणजे क्षारांची भुकटी. तिच्यावर लावलेला थर भुकटीसकट सुटून येतो. शिवाय बंद प्लायच्या मागे अंधार, ओल आणि लाकूड एकत्र आले की बुरशीला आयते घर मिळते. तिचे सूक्ष्म बीजाणू फटींतून खोलीत येतात. दमा किंवा श्वासनलिकांचा जुना विकार असलेल्या वृद्धांचा खोकला त्यामुळे बळावतो.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडील, बाजूस दवबिंदू दिसले तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूस दिसले तर ती खोलीतील हवेची आहे. पहिल्या प्रकारात गच्चीची गळती, नळाची फुटकी जोडणी किंवा पायातून चढणारे पाणी यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय प्लायला हात लावू नये.

कुजलेला जुना प्लाय काढताना वृद्ध व्यक्तीला दुसऱ्या खोलीत, शक्य असल्यास दुसऱ्या घरी, हलवावे. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. काम करणाऱ्याने एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे वापरावेत. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो : काढलेल्या प्लायचे तुकडे चुलीत किंवा अंघोळीच्या बंबात जाळू नयेत. त्यात नुसते लाकूड नसते, रासायनिक राळही असते, आणि तिचा धूर घरातल्या सर्वांच्याच छातीत जातो.

फिरत्या घरांनी दिलेला धडा

ही भीती काल्पनिक नाही. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळाने बेघर झालेल्या हजारो कुटुंबांना सरकारने चाकांवरची घरे, म्हणजे ट्रेलर, राहण्यास दिले. प्लाय आणि भुशाच्या दाबीव फळ्यांनी बांधलेल्या त्या लहानशा बंद खोल्यांत लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले, नाकातून रक्त येऊ लागले. तेथील रोगनियंत्रण केंद्राने ५१९ ट्रेलरांतील हवा तपासली. २००८ साली जाहीर झालेल्या त्या तपासणीत फॉर्माल्डिहाइड वायूचे सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग आढळले. नेहमीच्या घरांच्या मानाने हे पुष्कळ अधिक होते. उन्हाळा येण्यापूर्वी लोकांना तेथून हलवावे, आणि त्यातही वृद्ध, बालके व जुने आजार असलेल्यांना प्राधान्य द्यावे, असे केंद्राने सुचवले. याच वायूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली मानवी कर्करोगकारकांच्या यादीत घातले आहे.

उन्हाळ्याचा उल्लेख कशासाठी, हे विदर्भातील वाचकांना वेगळे सांगायला नको. उष्णता आणि दमटपणा वाढला की प्लायमधील युरिया-फॉर्माल्डिहाइड राळेतून हा वायू अधिक सुटतो. मे महिन्यातील आपली तापलेली बंद खोली त्याला पूर्ण अनुकूल असते.

कोणते चिकटद्रव्य, कोणासाठी

बाजारात मिळणाऱ्या चिकटद्रव्यांचे चार मुख्य प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिला, पाण्यावर आधारित पांढरा डिंक. सुतार ज्याला सरसकट फेविकॉल म्हणतात तो. तो पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो, त्याचा वास सौम्य असतो आणि तो पेट घेत नाही. साधा प्रकार ओलीत सैल पडतो. म्हणून पाण्याला दाद न देणारा प्रकार मागावा. तो सुकेपर्यंत प्लाय दाबून धरावा लागतो आणि साधारण एक दिवस वाट पाहावी लागते. वृद्धांच्या खोलीसाठी माझी पहिली पसंती यालाच.

दुसरा, पिवळसर रबरी सोल्युशन. दोन्ही पृष्ठांना लावून थोडे सुकू दिले की लगेच पकडते, म्हणून ते कारागिरांना सोयीचे वाटते. परंतु त्यात टोल्यूईनसारखी उडून जाणारी द्रावणे असतात. त्यांच्या वाफेने डोके दुखते, भोवळ येते, मळमळते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि सहज पेट घेते. देवाजवळचे निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांपासून धोका आहेच. घरात प्राणवायूचे सिलिंडर किंवा यंत्र चालू असेल तर तो कितीतरी वाढतो. अशा घरात, माणूस आत असताना, हे सोल्युशन वापरू नये.

तिसरा, पॉलियुरेथेन. तो हवेतील ओलाव्याने घट्ट होतो, थोडा लवचीक राहतो आणि पाण्यापुढे चांगला टिकतो. मात्र त्यातील आयसोसायनेट हे द्रव्य घट्ट होण्यापूर्वी दमेकऱ्यांना अपायकारक ठरते.

चौथा, दोन नळ्यांतील मिश्रणाचा इपॉक्सी. लहान जोडकामाला तो मजबूत असतो. पण कच्चा असताना त्वचेला लागल्यास खाज आणि पुरळ उठू शकते.

प्लाय घेतानाही त्यावरील शिक्का पाहावा. आयएस ३०३ मानकात ओलावा सोसणारा आणि उकळत्या पाण्यास टिकणारा असे दोन दर्जे आहेत; आयएस ७१० हा सागरी प्लाय. टिकाऊ दर्जांत फिनॉलची राळ वापरतात. तिच्यातून फॉर्माल्डिहाइड बराच कमी सुटतो आणि ती ओलीतही तग धरते. उघड्या राहिलेल्या कापीव कडा रंगाने किंवा पट्टीने बंद कराव्यात.

याहून सोपा मार्ग म्हणजे चिकटद्रव्यच कमी वापरणे. भिंतीवर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा स्क्रूने बसवून प्लाय त्यावर स्क्रूनेच लावावा आणि मागे खालपासून वरपर्यंत हवा खेळेल अशी फट ठेवावी. पुढेमागे ओल आली तर फळी उघडून पाहता येते. आणि खर्च परवडत नसेल तर लोणा खरवडून, भिंत सुकवून तिला नुसता चुना देणे हेही कमीपणाचे नाही. वृद्धाच्या उशाशी नवा प्लाय असण्यापेक्षा कोरडी पांढरी भिंत केव्हाही बरी.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मोठ्या गाडीत झोपण्याची सोय करून वडीलधाऱ्यांना तीर्थयात्रेला नेण्याची हौस काही कुटुंबांना असते. गाडी हादरे खाते, म्हणून तिच्या आतील भिंतींना लवचीक पॉलियुरेथेनच योग्य ठरते. मात्र काम दारे-खिडक्या उघड्या ठेवून करावे, आणि नंतर काही दिवस गाडी उन्हात उघडी ठेवून मगच आजी-आजोबांना बसवावे.

वास येत नाही, म्हणजे धोका नाही का?

वय वाढते तशी घ्राणशक्ती मंदावते. आजोबा म्हणतात, “मला तर काहीच वास येत नाही”, तेव्हा ते खरेच सांगत असतात. तरीही तो पुरावा मानू नये. विस्मृतीचा आजार झालेली व्यक्ती तक्रार करू शकत नाही, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली व्यक्ती उठून बाहेर जाऊ शकत नाही. त्यांच्या वतीने आपणच सावध राहायचे.

काम संपल्यावर निदान एक आठवडा, आणि तरुण माणसालाही वास जाणवेनासा होईपर्यंत, खोली रिकामी ठेवावी. समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावावा. उन्हाळ्यात कुलर खिडकीत बसवून बाहेरची हवा आत घ्यावी आणि विरुद्ध बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवावी. बंद खोलीत मध्यभागी ठेवलेला कुलर केवळ दमटपणा वाढवतो.

माझ्या दवाखान्यात दिवाळीनंतर खोकल्याचे वृद्ध रुग्ण येतात, तेव्हा मी सोबतच्या माणसाला हमखास विचारतो : अंगणात बसल्यावर बरे वाटते का? खोलीत रात्री त्रास वाढतो का? घरात नुकते काही काम झाले का? या तीन उत्तरांची नोंद तुम्हीही ठेवावी. खोली बदलल्यावर खोकला कमी होत असेल, तर औषधाइतकेच त्या खोलीकडेही लक्ष द्यावे लागते. अर्थात चालू असलेला पंप किंवा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

एक वाक्यही सलग बोलता न येण्याइतकी धाप, ओठ निळसर पडणे, अचानक बरळणे किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सुतार घरी येईल त्या दिवशी चिकटद्रव्याचा डबा हातात घेऊन त्यावरची सूचना स्वतः वाचा. दिवाळीला आठ दिवस उशीर झाला तरी चालेल; खोली कोरडी होऊ द्या, मगच आजींची खाट आत न्या.