उरमोडी व वारणा यांच्या माथ्यावरील पाणथळ कुरणे
सातारा जिल्ह्यातील उरमोडीच्या उगमाकडील कास आणि सांगलीच्या सीमेवरील, वारणेच्या खोऱ्यातील चांदोली येथील जांभ्याच्या सड्यांवर पावसाळ्यात मातीचा पातळ थर पाण्याने चिंब होऊन अल्पजीवी कुरणे निर्माण होतात. या मातीत नत्राचे प्रमाण अल्प असते. ती उणीव ‘सीतेची आसवे’ ही वनस्पती सूक्ष्म पिशव्यांत जलजीव पकडून भरून काढते. साचलेल्या पाण्यातील वायतुरा (शास्त्रीय नामकरण १९८२) उन्हाळा जमिनीतील कंदाच्या रूपाने काढतो; त्याचे नर व मादी फुलोरे भिन्न रोपांवर येतात. २०१२ मध्ये ही दोन्ही क्षेत्रे जागतिक वारशात समाविष्ट झाली. तथापि पाण्याची खोली व मुक्काम बदलताच येथील जातीही बदलतात. म्हणून केवळ फुलांचे नव्हे, तर पाण्याच्या वाटांचेही रक्षण होणे अगत्याचे आहे.