आधी नळ, मग रंग

घराचं काम काढायचं ठरलं की पहिले काही दिवस फोटो जमवण्यात जातात. मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट साठतात, पिंटरेस्टवर बोर्ड भरतात, मावसबहिणीच्या नव्या फ्लॅटचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले जातात. मग कॉन्ट्रॅक्टर घरी येतो. त्याला एकेक फोटो दाखवला की तो सगळं शांतपणे बघतो आणि विचारतो, "बरं, मग करायचं काय नक्की?" यावर घरातले एकमेकांकडे बघतात, कारण चाळीस फोटोंमधून आपल्याला काय हवंय हे कुणीच ठरवलेलं नसतं.

हे ठरवायचं कसं, ते एका स्वयंपाकघराचं उदाहरण घेऊन पाहू. पुण्यातली १९८०च्या दशकातली सोसायटी, लिफ्ट नाही. दहा बाय आठचं स्वयंपाकघर, कडप्प्याचा ओटा, खाली उघडे कप्पे, कोपऱ्यात मोरी, वर माळा, एकच खिडकी आणि ड्राय बाल्कनीकडे जाणारं लाकडी दार. अशी स्वयंपाकघरं आपल्याकडे हजारोंनी आहेत.

सुरुवात फोटोंपासून करू नये. एक वही घ्यावी, तिला पेन बांधावं आणि ती फ्रिजवर ठेवून द्यावी. आठवडाभर ज्याला जे अडेल ते त्याने तिथेच लिहायचं. 'कुकर उतरवला की ठेवायला जागा नाही.' 'मिक्सर लावायचा तर ओव्हनचा प्लग काढावा लागतो.' 'पिठाचा डबा काढायला आईला स्टुलावर चढावं लागतं.' 'पोळ्या झाल्या की खांदे भरून येतात.' घर कसं चालतं हे या वहीतून जितकं कळतं तितकं कुठल्याही फोटोतून कळत नाही. यातली प्रत्येक तक्रार पुढे एकेका कल्पनेला जागा करून देते.

खांद्यांचंच घ्या. ही तक्रार बहुतेक वेळा ओट्याच्या उंचीची असते. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने सरळ उभं राहून हात कोपरात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची टेपने मोजावी. त्यातून चार ते सहा इंच वजा केले की ओट्याची उंची मिळते. कोपर ३८ इंचांवर असेल तर ओटा ३२ ते ३४ इंचांचा. पण पोळपाटाची उंची धरली की लाटण्याची जागा दीड-दोन इंचांनी वर जाते, आणि शेगडीवरची कढई तर त्याहून बरीच वर. ज्या घरात रोज पंधरा-वीस पोळ्या होतात, तिथे लाटण्यापुरता ओट्याचा तुकडा मुद्दाम खाली घेणं ही चैन नाही, गरज आहे. ही कल्पना फोटोत सापडत नाही, कारण फोटोतल्या ओट्यावर कुणी पोळ्या लाटत नसतं.

स्वयंपाकघर असं हालचालींवरून आखण्याची पद्धत जुनी आहे. मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. काम करताना बाईची किती पावलं पडतात, कुठल्या कामाला किती वेळ लागतो याचा तिने हिशोब मांडला, रेल्वेच्या भोजनडब्यातली छोटी स्वयंपाकघरं अभ्यासली आणि जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरच्या जागेत सगळं बसवलं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली. आपल्यालाही हे घरी करता येतं. सकाळचा चहा आणि डबे होत असताना एकाने बाजूला बसून कागदावर खोलीचा आराखडा काढावा आणि प्रत्येक फेरी रेघेने दाखवावी. फ्रिज आणि ओटा यांच्यात रेघांचा गुंता झाला, तर फ्रिजची जागा आपोआप चर्चेला येते.

आता फोटो. ते जरूर जमवावेत, पण प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहिल्याशिवाय तो ठेवायचा नाही: यातलं नेमकं काय आवडलं? 'छान वाटतं' हे उत्तर चालणार नाही. समजा, पांढऱ्याशुभ्र कपाटांचं एक स्वयंपाकघर मनात भरलं आहे. नीट पाहिलं तर त्या खोलीला दोन बाजूंनी उजेड आहे आणि आवडतोय तो उजेड. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या १९७७च्या पुस्तकात घर आणि वस्ती यांच्या रचनेची २५३ सूत्रं आहेत. खोलीला दोन बाजूंनी उजेड असावा, हे त्यातलंच एक. आपल्या उदाहरणातल्या खोलीत खिडकी एकच आहे, तेव्हा पांढरं सनमायका लावून तो उजेड येणार नाही. ड्राय बाल्कनीचं लाकडी दार काढून तिथे काचेचं दार बसवलं तर मात्र येईल. फोटोतली कपाटं सोडून द्यायची आणि दार वहीत लिहायचं.

परदेशातल्या फोटोंना आणखी एक प्रश्न विचारावा: इथे रोज फोडणी दिली तर काय होईल? उघड्या फळ्यांवर मांडलेल्या कपबश्यांवर महिन्याभरात तेलाचा चिकट थर बसेल. दुसरा सिलिंडर, तांदळाचा मोठा डबा, वर्षातून दोनदाच निघणारं पितळी पातेलं यांना त्या फोटोत जागाच नसते. ती आपल्याला करायची असते.

मोबाइलबाहेरही कल्पना पुष्कळ मिळतात, आणि माझ्या मते त्या जास्त कामाच्या असतात. सगळ्यात चांगली जागा म्हणजे आपलीच इमारत. वरच्या किंवा खालच्या मजल्यावर तोच नकाशा, तोच खांब, तीच पाइपलाइन असते. ज्यांनी काम करून घेतलंय त्यांच्याकडे चहाला जावं आणि विचारावं, "आज परत करायचं झालं तर काय बदलाल?" पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवावी. तिथली भांडी, दिवे, कोरीव दारं पाहताना रोजच्या वापरातल्या वस्तूवर केवढा विचार झालेला असू शकतो ते दिसतं. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली तर पितळी कड्या-मुठी हाताळून बघता येतात. आणि स्वतःच्या पायाखालीही बघावं. जुनी मोझॅक फरशी भक्कम असेल तर पॉलिश करून सुंदर निघते. उखडली तर पैसे जातात आणि राडारोडा जिन्यावरून खाली न्यावा लागतो, तो वेगळाच.

जमलेल्या कल्पना बहुतेक लोक खोलीनुसार लावतात. काम सुरू होईपर्यंत ते ठीक असतं. त्यानंतर कल्पना कारागिरांच्या क्रमानेच लावलेल्या हव्यात. वहीत पानं करावीत: तोडफोड, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गवंडी आणि फरशी, सुतार, रंगारी. आपण विचार रंगापासून करतो आणि काम नळापासून सुरू होतं, सगळी ओढाताण इथेच होते. ट्रॉलीचा रंग महिन्याने ठरवला तरी चालतो. सिंक खिडकीखाली हवं की कोपऱ्यात, हे मात्र पहिल्या आठवड्यात प्लंबरला सांगावं लागतं.

'ओट्यावर भरपूर पॉइंट हवेत' ही कल्पना या पद्धतीने कशी उतरते ते पाहा. ती इलेक्ट्रिशियनच्या पानावर जाते. तिथे लिहायचं: मिक्सर, ओव्हन, किटली, आरओ. यातल्या ओव्हन आणि किटलीला १६ ॲम्पिअरचा पॉइंट. उंची तयार फरशीपासून ४२ इंच, म्हणजे ३३ इंचांच्या ओट्याच्या नऊ इंच वर. सिंकच्या अगदी शेजारी एकही नाही. इतकं लिहिलं की इलेक्ट्रिशियन भिंतीवर खडूने चौकोन काढतो आणि भिंतीत झिरी मारण्याआधी तुम्ही तिथे मिक्सर ठेवून बघू शकता. फरशीवर मास्किंग टेप चिकटवून ओट्याची कड आणि फ्रिजची जागा आखावी. फ्रिज दार उघडून मोजावा. दोघं जण एकमेकांना न धडकता मागून जाऊ शकतात का, हे टेपवर उभं राहिलं की लगेच समजतं.

तोडफोडीच्या पानावर एक अट ठळक लिहावी: फोटो पाहून भिंत पाडायची नाही. जुन्या इमारतींपैकी काहींचा भार आरसीसीच्या खांबांवर असतो, काहींचा थेट विटांच्या भिंतींवर. हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून सांगायचं असतं, आणि सोसायटीची लेखी परवानगी त्याआधी मागून ठेवायची असते.

सुताराच्या पानावर मापांइतकाच मालही लिहावा. सिंकखालच्या कपाटाला पाण्यात टिकणारं, 'आयएस ७१०' छाप असलेलं प्लायवूड हवं असेल, तर तो आकडा लिहून द्यावा आणि शीट आल्यावर छाप बघून घ्यावा. पैशांचं गणित प्रत्येक पानाच्या समासात, 'आत्ता' आणि 'नंतर' अशा दोन खुणांनी करावं. 'नंतर'मधल्या वस्तूंसाठी वायर आणि पाइप मात्र आत्ताच टाकून घ्यावेत.

भिंतींना प्लास्टर लागण्याआधी टेप उलगडून भिंतीला लावावा आणि प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढावा, म्हणजे पाइप आणि वायरी कोपऱ्यापासून किती इंचांवर आहेत ते फोटोतच वाचता येतं. या फोटोंच्या प्रिंट वहीत डकवाव्यात. पुढे कधी चिमणी किंवा फळी बसवायला कुणी ड्रिल घेऊन आला, तर त्याला भोक पाडण्याआधी तेच पान उघडून दाखवायचं.