एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'पिट्युटरी' लिहिलंय? घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका

डोकेदुखी थांबेना म्हणून परतूरहून जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला जाऊन मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये 'पिट्युटरी मायक्रोअडेनोमा' किंवा 'एम्प्टी सेला' असं काही दिसलं, की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. मोबाईलवर शोधलं तर 'ट्यूमर' हा शब्द येतो आणि झोपच उडते. म्हणून हे शब्द काय सांगतात ते समजून घेऊ.

पिट्युटरी म्हणजे पीयूष ग्रंथी. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, हाडाच्या खोबणीत असलेली ही ग्रंथी वाटाण्याएवढीच असते. पण थायरॉईड, पाळी, आईचं दूध, मुलांची उंची आणि आजारपणात शरीर सावरणारं कॉर्टिसॉल, या सगळ्यांवर तिचा हुकूम चालतो.

रिपोर्टमधले शब्द

मायक्रोअडेनोमा म्हणजे 10 मिलिमीटरपेक्षा लहान गाठ. ती सहसा कॅन्सरची नसते आणि अनेकांना काहीच त्रास देत नाही. त्याहून मोठी गाठ डोळ्यांच्या नसेवर दाब देऊ शकते, मग बाजूचं दिसणं कमी होतं. अशा वेळी डोळ्यांची तपासणी लगेच करावी. एम्प्टी सेला म्हणजे खोबणीत पाणी भरून ग्रंथी चपटी झालेली. यातही बहुतेकांना त्रास नसतो.

एमआरआय ग्रंथीचा आकार दाखवतो. ती काम किती करते हे रक्ततपासणीतूनच कळतं. सकाळी 8 च्या सुमारास कॉर्टिसॉल, शिवाय प्रोलॅक्टिन, टी4 आणि टीएसएच. एकट्या टीएसएचवर थांबू नका. पिट्युटरी बिघडलेली असली तरी तो नॉर्मल येऊ शकतो. प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ बहुधा गोळ्यांनीच आकसते. ऑपरेशन लागलंच, तर ते बऱ्याचदा नाकातून होतं.

या दोन गोष्टी डॉक्टरांना सांगाच

बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर दूध आलं नाही, पाळी परतली नाही, वर्षानुवर्षे थकवा आहे? हा 'शीहान सिंड्रोम' असू शकतो. आपल्याकडे अशा बाईला 'अशक्तपणा आहे' म्हणून टॉनिक दिलं जातं आणि खरा आजार मागे राहतो. दुसरी गोष्ट, घोणस चावून गेल्यानंतरही काही जणांची पिट्युटरी निकामी होते. शेतात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गोळ्या आणि रोजा

कॉर्टिसॉल कमी असल्यास रोज स्टेरॉईडची गोळी लागते. 'स्टेरॉईड वाईट' म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद केली तर जीवावर बेतू शकतं. ताप आला तर डोस वाढवावा लागतो, उलट्या होत असतील तर तातडीने इंजेक्शन लागतं. हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. रमजानपूर्वी रोजाबद्दलही त्यांना विचारा. आजारी माणसाला दीनमध्ये सवलत आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

दाखवायला जाताना फक्त रिपोर्ट नको, एमआरआयची फिल्म किंवा सीडी आणि बाळंतपणाचे जुने कागदही न्या. शक्य असेल तर हार्मोनच्या डॉक्टरांना, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टना दाखवा. ऑपरेशन सांगितलं तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या आणि नजर जाणे, असं एकदम झालं तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.