९० मिलिमीटरचा कायदा

हिल्सा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत येतो. पावसाळ्यात त्याचे थवे बंगालच्या उपसागरातून हुगळीच्या मुखात शिरतात आणि प्रवाहाविरुद्ध वर सरकू लागतात. अलास्कातील सॅल्मनची रीतही हीच. अशा माशाचे दुर्दैव असे, की तो केव्हा आणि कोणत्या वाटेने येणार हे प्रत्येक मच्छीमाराला ठाऊक असते. म्हणूनच त्याच्या मासेमारीला नियम हवेत, याविषयी दुमत नाही. नियम आपल्याकडे आहेतही. ते कागदावरून पाण्यात का उतरत नाहीत, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

हिल्सा मुख्यतः गिलनेटने पकडला जातो. हे जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे सोडतात. माशाचे डोके जाळ्याच्या आसेतून, म्हणजे भोकातून, पलीकडे जाते, धड अडकते आणि मागे फिरू पाहताच दोरा कल्ल्यांत रुततो. आसेपेक्षा बारीक मासा निसटतो. फार मोठा शिरतच नाही. कोणत्या आकाराचा मासा पकडला जाईल, हे अशा रीतीने आसेचे माप ठरवते.

पश्चिम बंगाल सरकारने २०१३च्या अधिसूचनेत याच गोष्टीचा आधार घेतला. ९० मिलिमीटरपेक्षा लहान आसेच्या गिलनेटवर आणि २३ सेंटिमीटरपेक्षा लहान हिल्सा पकडण्यावर बंदी आली. लालबाग ते फराक्का, कटवा ते हुगळी घाट यांसारख्या नदीपट्ट्यांना संरक्षण मिळाले. १५ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर या काळात पौर्णिमेच्या आगेमागे पाच-पाच दिवस हिल्साची मासेमारी बंद ठेवण्याचे ठरले. मसुदा म्हणून यात फारसे उणे नाही. तरीही कोलकात्याच्या बाजारात ‘खोका इलिश’ या नावाने लहान हिल्सा उघडपणे विकला जाताना मी पाहिला आहे.

याचे एक कारण आपल्या संघराज्याच्या रचनेत आहे. मासेमारी हा राज्यसूचीतील २१वा विषय. प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे १२ सागरी मैलांच्या, पलीकडची मासेमारी मात्र केंद्रसूचीतील ५७वा. हिल्सा केंद्राच्या हद्दीतून राज्याच्या हद्दीत येतो, नदीत शिरतो आणि फराक्क्याला पुन्हा केंद्राच्याच धरणापाशी अडतो. १९७५मध्ये फराक्का धरण कार्यान्वित होण्यापूर्वी तो अलाहाबादपर्यंत पोहोचत असे. वाट अडवणारी भिंत जागेवरच असताना भोकाच्या मापाचा हिशेब आपल्याकडेच का मागितला जातो, असे छोट्या मच्छीमाराने विचारले, तर तो प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही. फराक्क्याच्या नव्या जलपाशातून माशांना वाट देण्याचे केंद्राने २०१९मध्ये जाहीर केले होते. त्यातून प्रत्यक्षात किती मासे वर जातात, याचे आकडे नियमितपणे लोकांसमोर यायला हवेत.

मोजणीचे महत्त्व अलास्काने ओळखले. त्या राज्याच्या घटनेतच मत्स्यसंपत्तीचा उपयोग शाश्वत उत्पादनाच्या तत्त्वावर करण्याचे बंधन आहे. ब्रिस्टल बे येथे सॅल्मनसाठी गिलनेट टाकणारी नौका ३२ फुटांहून लांब असू शकत नाही. एका परवान्यावर १५० फॅदम, म्हणजे सुमारे २७५ मीटर, एवढेच जाळे वापरता येते. १९७३पासून परवान्यांची संख्याही मर्यादित आहे. परंतु या सर्वांहून मोलाची गोष्ट वेगळी आहे. नदीकाठच्या मनोऱ्यांवर बसून माणसे वर जाणारे मासे मोजतात. अंडी घालण्यासाठी किती मासे वर गेले पाहिजेत हे आधी ठरते आणि त्यानुसार मासेमारी खुली वा बंद करण्याचे आदेश हंगाम चालू असतानाच निघतात. नदीचा वाटा पहिला, माणसाचा दुसरा.

गढूळ हुगळीत मनोऱ्यावरून मासे मोजता येणार नाहीत, हे मान्य. आपली मासेमारीही असंख्य लहान होड्यांची आहे. म्हणून शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. तिथे ऑक्टोबरात २२ दिवसांची बंदी असते, लहान हिल्साला नोव्हेंबर ते जून संरक्षण असते आणि या काळातील चार महिने मच्छीमार कुटुंबांना दरमहा ४० किलो तांदूळ दिला जातो. २००२-०३मध्ये दोन लाख टनांच्या आत असलेले हिल्साचे उत्पादन २०१७-१८मध्ये पाच लाख टनांवर गेले. सारे श्रेय बंदीला देता येणार नाही, आणि तांदूळ अपुरा पडतो ही तक्रार तिथेही आहे. तरी बंदी घालणाऱ्या सरकारने चुलीचा विचार केला, हे खरे. पश्चिम बंगालने २०२४च्या अर्थसंकल्पात ‘समुद्रसाथी’ योजनेद्वारे दरमहा ५,००० रुपये जाहीर केले, पण ते एप्रिल-जूनमधील समुद्रबंदीच्या दोन महिन्यांसाठी. शरदातील पौर्णिमेला जाळे घरी ठेवणाऱ्या नदीवरच्या मच्छीमाराचाही तेवढाच हक्क आहे.

यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. लहान आसेचे जाळे होडीत नव्हे, ते विकणाऱ्या दुकानात अडवावे. मासळी उतरवण्याच्या धक्क्यांवर हिल्साची लांबी आणि संख्या दर आठवड्याला नोंदवून बंदीचे दिवस त्यावरून ठरवावेत. भरपाई बंदी सुरू होण्यापूर्वी खात्यात जमा व्हावी.

बंगालमधील अनेक घरांत कोजागरीच्या लक्ष्मीपूजेपासून सरस्वतीपूजेपर्यंत हिल्सा खात नाहीत. समाजाने स्वतःहून पाळलेला हा नियम अधिसूचनेहून कितीतरी जुना आहे. संयम लोकांना परका नाही. त्याची किंमत एकट्या होडीवाल्याने मोजावी, हे मात्र त्याला मान्य होणार नाही, आणि तोवर ९० मिलिमीटरचा कायदा राजपत्रातच राहील.