भिंतीबाहेरचं तुम्ही करा, भिंतीतलं आमच्यावर सोडा

नळ गळायला लागला की प्लंबरला फोन करायचा, तो रविवारी येतो म्हणाला की रविवारपर्यंत नळाखाली बादली ठेवायची, हे उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत घरोघरी चालतं. मी परवानाधारक वायरमन आहे. या पट्ट्यातल्या जुन्या बराकींत, चाळींत आणि नव्या टॉवरांत कामं करत आलोय. त्यावरून सांगतो, बाथरूममधली बरीचशी किरकोळ कामं घरच्या माणसानं शिकून घ्यावीत. मात्र आधी एक रेघ आखावी. भिंतीबाहेर दिसतं ते तुमचं, भिंतीत गेलं ते कारागिराचं.

आधी बंद करायला शिका

पान्हा हातात घेण्याआधी पाणी कुठून बंद होतं, ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. बेसिनखालचा आणि कमोडशेजारचा अँगल कॉक, बाथरूमचा मुख्य कॉक, गच्चीवरच्या टाकीतून आपल्या घरात येणाऱ्या लाइनीचा व्हॉल्व्ह, हे सगळे एकदा स्वतः फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक क्षार धरून जाम होतो आणि पाइप फुटला की नेमका तेव्हाच अडतो. अधूनमधून उघडझाक केली तर तो मोकळा राहतो.

आपल्याकडचं पाणी बारवी धरणातून आणि उल्हास नदीवरच्या बदलापूर बॅरेजवरून येतं. दुरुस्तीचा शटडाउन झाला की त्यानंतरच्या पहिल्या पाण्याबरोबर पाइपातला गाळ सुटून येतो. तो टाकीत उतरतो आणि तिथून नळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत अडकतो. "काका, प्रेशरच गेलं," असा फोन आला की मी आधी ती जाळी काढून जुन्या ब्रशानं धुवायला सांगतो. बऱ्याचदा तेवढ्यानं धार परत येते. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जड असेल, तर जाळीवर पांढरा थर बसतो. ती थोडा वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की थर सुटतो.

नळ बदलणंही जमण्यासारखं आहे. टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, ताण देऊन गुंडाळावी. उलट गुंडाळली तर नळ आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. नळ शेवटी सरळ करण्यासाठी पान्ह्यावर लोंबकळू नका. भिंतीतली सीपीव्हीसी फिटिंग जास्त जोरानं तडकते आणि तडा टाइलमागे असल्यानं दिसत नाही.

मे महिन्यात गावी जाऊन आलेल्या घरांत गटाराचा वास येतो. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभं असतं आणि तेच हा वास अडवतं. घर बंद राहिलं की ते आटतं. दोन मग पाणी ओता. वास तरीही राहिला, तर मग प्लंबरला बोलवा.

टाइलमागे छिन्नी नको

फ्लॅटच्या बाथरूमचा स्लॅब सहसा खाली घेतलेला असतो. त्यात वॉटरप्रूफिंग, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि मग लादी. घरच्या घरी पाइप सरकवायला छिन्नी चालवली की हा थर फुटतो आणि पाणी खालच्यांच्या छताला झिरपतं. सळई ओलीनं गंजते, गंजताना फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. 2021 च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. इमारत खचण्यामागे कारणं अनेक असतात, पण सतत झिरपणारं पाणी कुठल्याही स्लॅबचं आयुष्य कमी करतं. म्हणून छताला ओल दिसली की नुसता रंग मारू नका, गळती शोधा. ती जिन्याच्या किंवा डक्टच्या सामाईक पाइपची असेल तर काम सोसायटीचं, आपल्या संडास-बाथरूमची असेल तर आपलं.

विजेचं काम कुठवर?

ही रेघ कायद्यानंही आखली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण, वायरिंगची क्षमता न बदलता, बदलता येतं. नवा पॉइंट काढणं, वायर वाढवणं ही परवानाधारकाची कामं.

गिझरचं उदाहरण घ्या. 2,000 वॉटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर खेचतो, 3,000 वॉटचा 13. तो 6 अँपिअरच्या दिव्याच्या बोर्डावर लावला की वायर तापते आणि इन्सुलेशन जळतं. त्याला 16 अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि जाड तांब्याची वायर लागते. स्विच बाथरूमच्या बाहेर असावा.

पण एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. 16 अँपिअरचा एमसीबी पडण्याआधीच त्याच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी करंट जीव घेऊ शकतो. बाथरूममध्ये अंग ओलं, पाय अनवाणी, म्हणून धोका जास्त. तिथे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नसेल, तर तो क्षणात वीज तोडतो.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त घोर लावणारी गोष्ट वेगळीच आहे. बराकींत आणि जुन्या घरांत कुणीतरी कधीकाळी गिझरची अर्थिंगची वायर लोखंडी पाण्याच्या पाइपला बांधलेली असते. ती पद्धत मुळातच चुकीची, कारण बिघाड झाला तर नळालाच करंट येतो. पुढे पाइप गंजतो आणि प्लंबर प्लॅस्टिकचा सीपीव्हीसी टाकून जातो. पाणी छान येतं, पण प्लॅस्टिकमधून वीज जमिनीत जात नाही. गिझरची अर्थिंग तुटलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. म्हणून लोखंडी पाइप बदललात, की वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या. पर्याय म्हणून अर्थिंग न्यूट्रलला कधीही जोडू नका. न्यूट्रल तुटला, तर गिझरची पूर्ण बॉडी करंट धरते.

सामान घेताना आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. दुकानातच उभं राहून तपासा.

आज घरी दोन गोष्टी करा. सगळे कॉक फिरवून बघा आणि आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण दाबा. वीज लगेच गेली तर तो चालतोय. गेली नाही, किंवा आरसीसीबीच नसेल, तर गिझर बंद ठेवा आणि परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. त्याचा परवाना बघायला मागा. आम्हाला त्याचा राग येत नाही.