रामटेकला जाल तेव्हा नरसिंहापाशी थांबा!

नागपूरच्या नंदनवनकर मंडळी, रामटेक आपल्यापासून जेमतेम ५० किलोमीटर. वनवासात प्रभू रामचंद्र इथे विसावले अशी श्रद्धा. पण गडावर चढताना बहुतेक जण थेट राममंदिर गाठतात आणि पाचव्या शतकातलं, वाकाटककालीन केवल नरसिंहाचं मंदिर मागे राहतं. लहानसा गाभारा, त्यात बसलेली भव्य मूर्ती आणि भिंतीवर शिलालेख! वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरीस्वामींच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, चरणांपासून दिलेला आहे. जवळच अखंड दगडातला वराह. त्याच्या पोटाखालून भाविक सरपटत जातात, पापी अडकतो म्हणे. पायथ्याशी अंबाळा तलाव आहेच. त्रिपुरी पौर्णिमेला गर्दी फार, म्हणून एखाद्या साध्या दिवशी सकाळीच निघा. आणि कृपा करून या दगडांवर नावं कोरू नका.